गाळलेल्या तीन नोंदी

सोमवार, ३
आलो एकदाचे! विमानतळाच्या कुंपणाला लागून दोन खोल्यांचं टुमदार घर मिळालं. सामान सोडायच्या आधीच हिने खिडक्या मोजल्या आणि पडदे अपुरे पडणार म्हणून मलाच फैलावर घेतलं. काम मात्र लाखात एक! सैनिक आणि रसद वाहून नेणाऱ्या या हवाई स्क्वाड्रनला पन्नास वर्षं होताहेत, तिचा इतिहास लिहायचा. प्रमुखसाहेबांनी जुन्या नोंदवह्यांचं कपाटच उघडून दिलं. जुने कागद दिसले की मला बायको दिसत नाही, असं ही म्हणते. आहे थोडं खरं.

बुधवार, ५
युद्धात पडलेल्या अकरा वैमानिकांवर पानंच्या पानं लिहा, पण तळावरचे तीन अपघात गाळा, असं साहेबांनी बजावलं. समारंभाच्या पुस्तकात अभद्र नको म्हणे. बिचाऱ्यांची मरायची जागा चुकली! मनात आलं, पण ‘बरं’ म्हणून जुनी नोंदवही उघडली. पहिली नोंद: मेकॅनिक मागे सरकता सरकता प्रॉपेलरमध्ये सापडला. मारली काट. दुसरी: इंधन भरताना भडका, दोघे जळून मेले. काट. तिसरी लांबलचक होती आणि पोटात कावळे ओरडत होते, म्हणून न वाचताच काट मारली.

गुरुवार, ६
सकाळी साडेनऊला माझ्या कचेरीच्या खिडकीसमोर एक मेकॅनिक मागे सरकता सरकता प्रॉपेलरमध्ये गेला. आधी हात उडाला, मग अर्धं डोकं. काचेवर शिंतोडे आले. मी तिथेच ओकलो. फोरमन बादल्या ओतत होता आणि लाल पाणी माझ्या दारापर्यंत येत होतं. योगायोग असेल. असायलाच हवा.

शुक्रवार, ७
टँकरचा भडका. दोघे पेटले. एक धावत माझ्याकडेच आला. मी त्याचा हात धरला तर कातडी माझ्या मुठीत राहिली. तो मेला. दुसरा तडफडतोय.

काटलेल्या दोन्ही नोंदी माझ्या हस्तलिखितात लिहिल्या. तासाभरात दवाखान्यातून निरोप आला, दुसरा वाचेल. म्हणजे लिहिलं की थांबतं! तिसरी नोंद उघडली तोच साहेब आले, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं, वही हिसकावली, कपाटाला कुलूप ठोकलं. मला मधली एक ओळ तेवढी दिसली होती: कुंपणालगतच्या घरावर विमान कोसळलं, घरातली बाई —

हिला तडक तिच्या भावाकडे पाठवलं. बस सुटली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

शनिवार, ८
कुलूप फोडलं. वही घरी आणली. टेबलाशी बसतो तोच दारात — ही! अशा अवस्थेत मला एकटं सोडवेना म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आली. ओरडलो तिच्यावर. रडलो.

आवाज. विमान. फार खाली —

पळून काय होणार? लिहिलं की थांबतं. इथेच उतरवतो, जसंच्या तसं —

सराव उड्डाण. डावं इंजिन बंद पडलं. कुंपणालगतच्या घरावर विमान कोसळलं —

ही दंड धरून ओढतेय, चला म्हणते — थांब गं, दोनच ओळी —

घरातली बाई सहज बाहेर पडू शकली असती. ती नवऱ्यासाठी थांबली. तो टेबलाशी लिहीत ब—