रकान्यातला भाऊ

भाऊ,

आज पोंभुर्ण्याच्या सभागृहात फादर्स डे होता. मागे फुगे, कोपऱ्यात थर्माकोलची चौकट, आणि त्या चौकटीत उभं राहून पोरी आपापल्या बापांसोबत फोटो काढत होत्या. मला मुख्य वक्ता म्हणून बोलावलं होतं. आत्ताच घरी आले. घसा अजून तापलेला आहे, आणि पाणी प्यायच्या आधी लिहायला बसले, कारण मी आज जिंकून आले आहे आणि ते सांगावं असा माणूस एकच आहे.

काय जिंकले हे सांगायचं तर आधी कुठे हरले होते ते सांगावं लागेल. तुम्ही गेलात त्या सकाळी चंद्रपूरच्या दवाखान्यात खिडकीतल्या माणसाने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "पेशंट तुमचे कोण?" मी म्हटलं, "भाऊ." त्याने नात्याच्या रकान्यात तेच लिहिलं, मग तुमच्या वयाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरेच मोठे होते तुमच्याहून." मी म्हटलं, "हो." आणि सही केली. त्या दिवसापासून कागदोपत्री मी तुमची बहीण आहे. जी बाई भर सभेत अधिकाऱ्याला थांबवून 'लाभार्थी' खोडून 'हक्कदार' लिहायला लावते, तिने एवढा एक शब्द तसाच सोडला. किती सभा झाल्या, किती टाळ्या झाल्या, पण माइक हातात घेतला की तो रकाना डोळ्यांसमोर यायचा. आज तो मोकळा करायचा, भरल्या सभागृहात तुम्हाला 'माझे बाबा' म्हणायचं, असं ठरवूनच मी घरून निघाले होते.

म्हणायची सवय तुम्हीच लागू दिली नाही. मी सहा वर्षांची होते. माझा जन्मदाता बाप गेल्यावर मायचा तुमच्याशी पाट लागला आणि मी तिचं बोट धरून तुमच्या अंगणात आले. मायने मला पुढे ढकललं, "बाबा म्हण." तुम्ही उकिडवे बसता, तोंड माझ्या तोंडासमोर आणता आणि मायला सांगता, "नोको. हिचा बाबा होता ना. त्याची जागा त्याचीच राहू दे. मले भाऊ म्हण पोरी, समदं गाव म्हणते." शाळेत नाव घालताना गुरुजींनी बापाचं नाव विचारलं, तर तुम्ही त्या गेलेल्या माणसाचं नाव न अडखळता सांगितलंत. गुरुजी म्हणाले, "आता तर तुम्हीच बाप ना?" तुम्ही म्हणालात, "मी आणून सोडणारा." आणून सोडणारा मग दहावीपर्यंत रोज आणून सोडत राहिला. वर्गातल्या पोरींनी ते ऐकलं होतं. "काय व, तुले दोन बाप हायेत म्हणे?" त्यांना वाटायचं मी रडेन. मी म्हणायचे, "हो. तुह्यापाशी एकच हाय, सांभाळून ठेव." माझं पहिलं जाहीर भाषण तेच.

पुढची सगळी भाषणं तुमच्या ऑटोतून निघाली. टपावर भोंगा, सीटखाली बॅटरी, आणि हँडलला दोरीने बांधलेला माइक. नाटक आलं, बाजाराचा वार बदलला, शिबिर लागलं, कुणाची म्हैस हरवली, की भोंगेवाल्या भाऊला बोलवा. सुट्टीच्या दिवशी मी मागे बसायचे आणि तुम्ही गाडी चालवता चालवता शिकवायचात. "माइक हाती घेतला का पहिले बटन पाहजो. मंग श्वास. मंग शब्द. अन् शेवटी कोण बोलून राह्यला त्याचं नाव. ज्या खबरीले नाव नाई ते अफवा." प्रत्येक खबरीच्या शेवटी तुम्ही नाव सांगायचात आणि मग विचारायचात, "ऐकलं काय गा?" अंगणाअंगणातून उत्तर यायचं, "ऐकलं." ते आल्याशिवाय तुम्ही ऑटो पुढे काढत नव्हतात. मी पुढे वक्तृत्वावरची जाड जाड पुस्तकं वाचली, परदेशातल्या मोठ्या वक्त्यांची भाषणं पाठ केली. या चार गोष्टींच्या पलीकडचं एकाही पुस्तकात सापडलं नाही.

मग ती चौदाव्या वर्षीची चूक. चंद्रपूरला वक्तृत्वाची स्पर्धा होती. मी भान हरपून बोलले, आणि बोलण्याच्या भरात 'मले' म्हणून गेले. परीक्षकांनी बक्षीस देताना नंबर का हुकला ते सगळ्यांसमोर सांगितलं, "आवाज चांगला आहे, भाषा गावठी आहे." त्या वाक्याचा काटा मी एसटीत बसून घरापर्यंत आणला आणि तुम्हाला टोचला. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे जनावरांच्या लसीकरणाची खबर होती. तुम्ही बोलायची तयारी करत होता आणि मी आजूबाजूच्या लोकांदेखत म्हटलं, "भाऊ, तुमची भाषा अशुद्ध हाय. तुमच्यामुळं माहा नंबर गेला." तुम्ही रागावला नाहीत. कागद पुढे केलात. "तू लिहून दे. मी तसंच बोलतो."

आणि मी लिहून दिलं. 'सर्व पशुपालकांनी आपापल्या पशुधनासह शाळेच्या प्रांगणात उपस्थित राहावे.' तुम्ही ते सकाळपासून वाचत फिरलात, अडखळत, 'प्रांगणात'ला प्रत्येक वेळी श्वास घेत. शाळेच्या मैदानात जनावरांचे डॉक्टर खुर्ची टाकून बसले. अर्धी सकाळ गेली. एक शेपूट आलं नाही. तुम्ही ऑटो वळवून गावात गेलात, मी मागे. पहिल्याच घरी एक म्हातारी गोठ्याला फळी लावून दारात उभी होती.

"काऊन बाई, बैल नाई आणले?"

"बैलाचं कोण बोललं? धन घेऊन या म्हणे तुहा भोंगा. आमच्यापाशी कुठी आलं धन?"

शेजारचा म्हणाला, "भाऊ, तुमाले काही झालं काय? आवाज तुमचा अन् बोलून राह्यला तहसीलदार. मी तर जप्ती समजून बैल जंगलात हाकलून देल्ले."

जमिनीत गडप व्हावं असं वाटून मी खाली पाहत होते. तुम्ही ऑटोत बसलात, माइकची दोरी सोडलीत आणि माइक माझ्या मांडीवर ठेवलात. त्या दिवशी तुम्ही मला जे बोललात तेवढंच काय ते तुमचं आयुष्यातलं रागावणं. "शुद्ध का अशुद्ध ते मले समजत नाई, बाई. बैल आले का नाई, तेवढं समजते. तू बोल."

मी बटन पाहते. श्वास घेते. आणि माझाच आवाज टपावरून निघून कौलांवर आदळतो, "बैल आणा, गाई आणा, वासरं आणा. डॉक्टर सुई घेऊन बसला हाय, पैसा लागत नाई. धन म्हणजे तुमचे बैल हायेत गा, दुसरं काही नाई. सकाळी चूक माही होती, भाऊची नोहती." कुणीतरी हसलं. एक फळी निघाली, मग दुसरी. मी रस्त्यारस्त्याने बोलत राहिले आणि ऑटोच्या मागे जनावरं चालू लागली, घंटा, धूळ, शेपट्या, आणि ज्याने जंगलात हाकलले होते तो धावत जाऊन परत घेऊन आला. मैदान भरलं. डॉक्टर म्हणाले, "ही कोण?" तुम्ही म्हणालात, "आमची." मोठमोठ्या व्यासपीठांवर माझी पानभर ओळख वाचून दाखवली गेली आहे. त्या एका शब्दाएवढी जागा मला कुठल्याच ओळखीने दिली नाही.

त्या दिवसापासून मी माझी भाषा कुणाला तपासायला दिली नाही. जिवतीच्या डोंगरात बोलले, गडचिरोलीत बोलले, जंगल आमचं आहे हे जंगलातच राहणाऱ्यांना कागदावर सिद्ध करायला लावणाऱ्यांसमोर बोलले, आणि 'मले' म्हणूनच बोलले. या देशात खिडकीखिडकीवर माणसाला आधी बापाचं नाव विचारतात. अर्जात, दाखल्यात, दवाखान्यात. कोणाच्या रक्ताचा ते विचारतात, कोणी आणून सोडलं ते कुणी विचारत नाही. आज मी हेच बोलणार होते.

सभागृहात जागा नव्हती. पहिल्या रांगेत पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले एक साहेब बसले होते, त्यांच्या शेजारी आपल्या बाजूच्या गावातली एक म्हातारी, कमरेला पदर खोचून, नातवासोबत आलेली. मी उभी राहिले आणि ठरवलं होतं तसं म्हटलं, "माझे बाबा." कुणीतरी शिष्टाचाराची टाळी वाजवली. मी पुन्हा म्हटलं, "माझे बाबा भोंग्यावर खबर द्यायचे." काहीच झालं नाही, भाऊ. गोठ्यांच्या फळ्या लावलेल्याच. आणि मला एकदम कळलं की मी पुन्हा 'पशुधनासह उपस्थित राहावे' वाचते आहे. शब्द बरोबर होता आणि त्यात तुम्ही नव्हता.

मी थांबले. श्वास घेतला. मग म्हटलं, "आमचा भाऊ." मागच्या रांगेतून एक माणूस उठून उभा राहिला, "भोंगेवाला भाऊ काय व?" मी म्हटलं, "तोच." आणि मग मी बोलले. अंगण सांगितलं, शाळेतलं नाव घालणं सांगितलं, बैल सांगितले, आणि दवाखान्याचा रकानाही सांगितला. लोक हसले, चौकटीत फोटो काढणाऱ्या पोरी चौकट सोडून जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या रकान्यापाशी पुण्याच्या साहेबांनी हळूच शेजारी विचारलं, "भाऊ म्हणजे बंधूच ना यांचे?" हळू विचारलं, पण माझ्या समोरच. म्हातारीने त्यांच्याकडे न पाहताच सांगितलं, "बाप हाय तो. आमच्याइकडे ज्याले भाऊ म्हटलं, तो कोण हाय ते आमाले समजते. तुमी ऐका." इतकी वर्षं मी दुरुस्ती शोधत होते आणि दुरुस्तीला काही नव्हतंच. त्या खिडकीतल्या माणसाने बरोबर लिहिलं होतं. वाचायला त्याला येत नव्हतं, एवढंच.

शेवटी मी तुमच्यासारखंच नाव सांगितलं. पदवी नाही, पद नाही. "खबर देऊन राह्यली भोंगेवाल्या भाऊची पोरगी. ऐकलं काय गा?" आणि अख्खं सभागृह, बाप, पोरी, मागे उभे असलेले ऑटोवाले, आणि शेवटी ते साहेबसुद्धा, एका दमात म्हणालं, "ऐकलं." काचा थरथरल्या. मी तुम्हाला विकत आणून दिलेली कोणतीही वस्तू आता उरलेली नाही, पण हा आवाज मी तुमच्या नावावर आणून ठेवला आहे आणि तो कुठल्याच खिडकीतून परत घेता येणार नाही.

हे पत्र तुमच्या माइकच्या डब्यात ठेवून देईन, दुसरीकडे धाडायला ठिकाण नाही. फक्त एक गोष्ट सभागृहात सांगितली नाही, ती इथे लिहिते. बैलांच्या त्या दिवशी सगळं आटोपल्यावर तुम्ही मैदानापलीकडच्या टपरीवर चहा आणायला गेलात आणि मी ऑटोत एकटी होते. मी माइक तोंडाशी धरला आणि एकदाच, हळू, 'बाबा' म्हटलं. भोंग्यातून ते अख्ख्या मैदानावर गेलं. तुम्ही टपरीशी दोन्ही हातांत ग्लास धरून पाठमोरे उभे होता, आणि बराच वेळ वळला नाहीत. मग आलात, चहा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "बटन चालू होतं, बाई." मी म्हटलं, "मले मालूम नोहतं." तुम्ही मान हलवलीत आणि तो विषय आपल्या दोघांत पुन्हा कधी निघाला नाही.

मले मालूम होतं, भाऊ. मी बटन पाहिलं होतं.