पुढच्या खुर्च्यांची तिकिटं

मंगळवार, दिवेलागण, वडसा

चंद्रपूरहून आम्ही दोघं आत्ताच आलो. गाठीचा रिपोर्ट मिळाला. गाठ माझ्या छातीत, पण डॉक्टरांनी फाईल घेऊन नवऱ्याला आत बोलावलं आणि मला बाहेर बसवलं. मीही मुकाट बसले. काऊन बसले मी?

बसमध्ये तीनदा विचारलं, "काय म्हणलं जी डॉक्टरनं?"

"काई नाई. गोळ्यांनं जिरून जाते." पण फाईल हातातून सोडली नाही.

स्टँडवर उतरून ह्यांनी नाटकाची दोन तिकिटं काढली, अगदी पुढच्या खुर्च्यांची. लग्नापासून दर हिवाळ्यात मी मागे लागते, हे खेकसतात, "रातभर जागून काय भेटते तुले?" आज मी मागितलंही नव्हतं.

फाईल इंग्रजीत आहे. मला वाचता येत नाही.

तिकिटं वाचली.