नुसते वाचणारे

१४ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय ताई,

नमस्कार. यापुढे 'इकडे सर्व ठीक' लिहायचं असतं, पण ते वाक्य मी तुला फोनवर इतक्यांदा ऐकवलंय की आता लिहायला हात धजत नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कठडा धरावा लागतो का?

माझं चाललंय. सकाळी आठ ते चार हॉस्पिटलची नोंदणीची खिडकी, नाव, वय, पत्ता, आणि चारनंतर तो ग्रुप. हल्ली बसमध्ये टेकले की डोळा लागतो. परवा कंडक्टरनेच हलवून उठवलं. म्हणाला, "मावशी, तुमचा थांबा मागेच गेला." आताशा मला सगळे मावशीच म्हणतात. उतरले आणि दोन थांबे चालत मागे आले.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोन तू उचलत नाहीस, आणि फोनवर लिहिलेलं मी तीनदा पुसलं. कागदावर खोडलं तरी दिसतं.

आधी ग्रुपचं सांगते. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणाऱ्यांसाठी हॉस्पिटलने तो उघडला आणि साहेबांनी माझ्या गळ्यात मारला. "लोकांना बोलतं करा," म्हणाले आणि मीटिंगला निघून गेले. मी दिसेल त्याला आमंत्रण धाडलं. एकेचाळीस जण आले आणि चिडीचूप बसले. मी रोज काहीतरी टाकायचे. 'आज तुमचा दिवस कसा गेला? मोकळेपणाने लिहा.' एकेचाळीस जण वाचायचे, चार जण अंगठा दाखवायचे, पण चकार शब्द कोणी काढायचं नाही. आणि का काढावा? सकाळ कधी झाली नि दुपार कधी सरली हे ज्याला कळत नाही, त्याने दिवस कसा गेला ते काय सांगायचं? साहेब मात्र दर सोमवारी विचारायचे, "काय, जागा झाला का ग्रुप?" जणू पाळण्यातला नातूच.

आमंत्रणाच्या यादीत तुझा नंबर होता. तो मी काही मुद्दाम ठेवला नव्हता, राहून गेला. नाही, खोटं आहे हे. मुद्दाम ठेवला. तू येशील असं वाटलं नव्हतं. तू आलीस, 'मोठी' एवढंच नाव लावलंस, आणि बाकीच्यांसारखीच गप्प बसलीस.

मग 'शिवणवाली' असं नाव लावलेली एक बाई ग्रुपवर आली. तिचा पहिला प्रश्न तुला आठवत असेल. सासूबाई चार महिने पलंगावर आहेत, अंगाने जड आहेत, मी एकटी आहे, त्यांना न उचलता चादर कशी बदलू? अर्ध्या तासात तुझं उत्तर आलं. मला ते पाठ आहे. आधी एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर लांबीने गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, नव्या चादरीची गुंडाळी तिच्या शेजारी लावायची, मग दोन्ही गुंडाळ्यांवरून माणसाला अलगद दुसऱ्या कुशीवर आणायचं आणि जुनी ओढून काढायची. खाली वेगळ्या ओळीत तू लिहिलं होतंस, 'हलवण्याआधी त्यांना सांगा. न सांगता हलवलं की माणूस घाबरतं.'

दोन दिवसांनी 'बसचालक' नावाचा एक जण बोलला. तोवर त्याने साधा अंगठाही दाखवला नव्हता. 'वडिलांची चादर बदलली. सांगून बदलली. जमलं.' मग आणखी पाच-सहा जणांना कंठ फुटला. साहेबांनी माझ्या टेबलापाशी येऊन पाठ थोपटली. मला कानकोंडं झालं, पण मी थोपटून घेतली.

तू शिवणवालीला रोज लिहायला लागलीस. पाणी चमच्याने द्यायचं, हनुवटी खाली असताना द्यायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची. डाव्या कुशीला आपल्या आईसमोर नुसती भिंत यायची, ती तोंड फिरवायची, म्हणून तू त्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरमधलं बोटीचं चित्र चिकटवलंस. हे मला माहीत नव्हतं. आईच्या खोलीत मी कितीदा आले? ती अंथरुणाला होती त्या चार वर्षांत सहा वेळा, आणि सहाही वेळा उजवीकडच्या खुर्चीवर बसले.

आणि परवा तू तिच्याकडे पत्ता मागितलास. हवेची गादी, तोटीचा पेला, पाठ टेकायची चौकट, सगळं पाठवते म्हणालीस. 'चौदा महिने मी ती खोली नुसती उघडते आणि लावते. तुमच्या सासूबाईंना उपयोग झाला तर माझ्याने आवरली जाईल.' काल पुन्हा विचारलंस. आज सकाळी पुन्हा.

गादी पाठवू नकोस, ताई. शिवणवाली नाही. सासूबाई नाहीत. ते सगळं मीच लिहीत होते.

ग्रुपला कोणीतरी तोंड उघडून सुरुवात करून द्यावी, एवढ्यासाठीच तिला उभी केली होती. दोन आठवडे चालवायची आणि मग गुपचूप काढून टाकायची, असं ठरवलं होतं. पहिले तीन प्रश्न साहेबांसाठी होते. चौथा माझा होता. 'तुम्हाला कधी त्यांचा राग यायचा का?'

दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलंस. एकदा आई ओली होती, तुला ते ठाऊक होतं, आणि तरी तू तासभर गॅलरीत बसून राहिलीस. ती हाका मारत होती. तुला नाही, मला. शेवटचं वर्षभर ती तुला माझ्याच नावाने हाक मारायची. 'आधी मी सांगायचे, आई, मी मोठी. मग दमले. मग मी बारकी म्हणूनच ओ द्यायला लागले.'

हे मी नोंदणीच्या खिडकीत बसून वाचलं. बाहेर रांग होती. एका आजोबांना मी तीनदा वय विचारलं.

आता उरलेलं. आई गेली त्या दिवशी दारात तू म्हणालीस, "आता मिळाली होय रजा?" मी मान खाली घातली, आणि सगळ्यांनी तुलाच समजावलं की अगं, तिची नोकरीच तशी आहे. ताई, रजा होती. एकोणीस दिवस शिल्लक होती, वर्षभर होती. मला यायचं नव्हतं. मला आईची भीती वाटायची, त्या वासाची, तिच्या हाताला सुटलेल्या कातडीची. रोज लोकांची अशीच माणसं स्ट्रेचरवरून येतात, त्यांच्याशी मी गोड बोलते. आपल्या माणसापाशी मला बसवेना. तुझ्यावर सगळं टाकून मी अंग काढून घेतलं आणि वर तुला फोनवर थोर म्हणत राहिले.

ग्रुपचं काय करू कळत नाही. खरं सांगितलं तर बोलायला लागलेले पुन्हा गप्प बसतील. बसचालक मात्र खरा आहे. त्याच्या वडिलांचा केसपेपर मी माझ्या हाताने काढलाय.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही.

तुझीच,
बारकी

⁂

२५ नोव्हेंबर

बारके,

पत्र पोचलं. गुडघा तसाच आहे आणि कठडा धरते.

चार दिवस पत्र फ्रिजवर पडून होतं. येता-जाता दिसायचं आणि डोकं फिरायचं. मी त्या बाईला गॅलरीतलं सांगितलं ते ती परकी होती म्हणून. तुला मेले तरी सांगितलं नसतं.

शिवणवाली गेल्याचं मला वाईट वाटलं. हसू नकोस. दुपारी भांडी आवरली की मी तिच्यासाठी लिहायला बसायचे, त्या वेळेला आता काय करायचं ते सुचत नाही. तिने मला एकदाही थोर म्हटलं नाही. ती नुसतं विचारायची, मग तुम्ही काय केलंत. तुला हे विचारता येत होतं, तर चार वर्षं कुठे ठेवलं होतंस?

रजेचं मला माहीत नव्हतं. त्यावर लिहायचं बळ आज नाही.

गादी बांधून दाराशी ठेवली आहे. बसचालकाचा पत्ता कळव, खरा. पंपाची वायर सैल आहे, मी चिकटपट्टी लावली आहे, तेवढं त्याला सांग. चौकटही देते. पेला मी ठेवून घेतला. बोटीचं चित्र निघत नाही, रंगासकट येतंय, तेव्हा राहू दिलं.

ग्रुप बंद करू नकोस. शिवणवालीची सासू वारली, असलं काहीतरी सांगून वेळही मारून नेऊ नकोस, ती कला तुला चांगली येते. तू कोण, ती कोण, सगळं तिथे तुझ्या नावाने लिही. रजेसकट. जातील त्यांना जाऊ दे. तिथल्या निम्म्या लोकांनी गॅलरीत बसून कोणाला ना कोणाला हाका मारू दिल्या असतील, आणि निम्म्यांच्या बहिणींकडे रजा असेल.

मी तिथे उत्तर देईन अशी वाट पाहू नकोस. मी आता काही दिवस त्या नुसत्या वाचणाऱ्यांत बसणार आहे. तू लिहिलंस की वाचेन.

मोठी