हेमांगीचा ठिपका

२८ सप्टेंबर, रविवार

हेमांगीची निवड झाली! नोव्हेंबरात, हिमाचलात, बीरला. देशभरातले ग्लायडरवाले जमणार. डोंगराच्या कडेवरून धावत सुटायचं, डोक्यावर ते कापडी पंख, इंजिन नाही, काही नाही, आणि वाऱ्याच्या जिवावर जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. त्यात आमची सून! बोईसरच्या कारखान्यात आठवडाभर रसायनं तपासते आणि सुट्टी मिळाली की कामशेतला जाऊन उडते. इतकी वर्षं झाली, मला अजून सवय नाही. अभिमान आणि भीती, दोन्ही एकदमच.

तात्या वाडीत, पानवेलीत होते. (माझा नवरा, पण पालघरजवळचं आमचं सगळं माहीम त्यांना तात्या म्हणतं, मग मी तरी दुसरं काय म्हणू!) बातमी ऐकून म्हणाले, "आपल्या घरात आजवर सगळ्यात उंच चढला तो नारळ पाडणारा कैलास. आता ही." आणि पुन्हा वेल बांधायला लागले. पाठमोरे होते, पण हसत होते. मला कळतं.

शैलेशने बायकोचं अभिनंदन केलं. चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. हा माझाच मुलगा!

३० सप्टेंबर

बीरहून कागद आला. स्पर्धेवाल्यांचं म्हणणं असं, की तिकडे डोंगरामागे मोबाइलला रेंज नाही, म्हणून प्रत्येकाने अंगावर उपग्रहाशी बोलणारं एक यंत्र बांधायचं. कोण कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दिसतं. आपलं आपण विकत घेऊन न्यायचं नाही, त्याला सरकारची परवानगी लागते. ती त्यांनी काढली आहे, तीन प्रकारची यंत्रं ठेवली आहेत, त्यातलं एक निवडून कळवा.

आणखी एक. प्रत्येकाचा एक 'जमिनीवरचा माणूस' हवा. निरोप त्याच्याकडे येणार, आणि मदत मागवायची की थांबायचं ते त्याने ठरवायचं. शैलेशने आपलं नाव घालायला पेन काढलं, तेवढ्यात हेमांगी म्हणाली, "आईंचं घालते."

पेन तसंच हवेत! शैलेशने विचारलं, "का गं?"

"आई टेलिफोन एक्स्चेंजमधे होत्या. लाइनवर कोण रडलं, कोण ओरडलं, तरी त्या घाबरायच्या नाय. तू घाबरतोस."

शैलेश जेवला नाही धड. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला लिहू, त्याहून जास्त आनंद झाला. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलेलं नाही, भाजी कुठली करायची एवढं सोडून.

२ ऑक्टोबर, दसरा

कोयता, विळी, पंप, दोन्ही स्कूटर आणि मधोमध ग्लायडर. तात्यांनी स्वतः झेंडू वाहिला त्याच्यावर. पूजा झाल्यावर हेमांगी अंगणात बसली आणि पंखांच्या दोऱ्या एकेक करून बोटांतून सोडायला लागली. पाकळी अडकली असेल तर काढायला. किती दोऱ्या! सगळं अंगण भरलं. शेजारची वर्षाराणी आपट्याची पानं द्यायला आली होती, म्हणाली, "एवढ्या बारीक दोरीवर माणूस लटकतो?" हेमांगी म्हणाली, "ती तुटत नाय काकू. आपण बघायला चुकतो." दुपार गेली तरी उठली नाही. मला तिच्या हातांचं फार कौतुक वाटतं. घाई नावाची गोष्ट त्या हातांना माहीत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

यंत्र निवडायचं काम मी अंगावर घेतलं आहे. घेतलं तर नीट!

पहिलं — मोठा पडदा, बोट लावून चालवायचं, दर दोन मिनिटांनी ठिपका. शैलेशला हेच हवं. दुसरं — नुसती दोन बटणं, 'ठीक आहे' आणि 'मदत'. तिसरं — जाड बटणं, लिहून निरोप पाठवता येतो आणि येतोही, ठिपका दर दहा मिनिटांनी, मदतीचं बटण झाकणाखाली.

आज परीक्षा घेतली. हेमांगीला ओटीवरच्या झोपाळ्यावर बसवलं, हातात उडतानाचे जाड मोजे, आणि शैलेशला सांगितलं, झोके दे, जोरात. पहिल्या यंत्राच्या जागी शैलेशचा फोन, दुसऱ्याच्या जागी टीव्हीचा रिमोट, तिसऱ्याच्या जागी माझा जुना बटणांचा मोबाइल. मी खालून हुकूम सोडते — "ठीक!" "मदत!" "ठीक!" — आणि तिने न बघता दाबायचं. शैलेशच्या फोनने मोजे ओळखलेच नाहीत. रिमोटवर तिने 'ठीक'च्या जागी 'मदत' दाबलं, तेही दोनदा. जुना मोबाइल मात्र पठ्ठ्या! प्रत्येक बटण बरोबर. तात्या आतून ओरडले, "झोपाळ्याच्या कड्या निघतील!" आम्ही तिघं हसून हसून बेजार. शैलेशही हसला, किती दिवसांनी.

पण तो हटत नाही. "दोन मिनिटांत माणूस किती लांब जातो, आई! दहा मिनिटं मी काय करू?"

तात्यांना तर तिन्ही नकोत. "घरातून निघालेल्याला कुठे चाललास म्हणून आमी कदी विचारत नाय. अपशकुन होतो. आणि हे यंत्र दर दोन मिनटाला तेच विचारनार?" हेमांगी म्हणाली, "ते विचारत नाय तात्या, मीच सांगते." त्यावर ते उठून वाडीत गेले. पटलं असावं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज काय झालं ते लिहायलाच हवं.

हेमांगी मासवणला मैत्रिणीकडे निघाली, दीपालीकडे. शैलेश म्हणाला, तालीम करू, फोनवर तुझी जागा आम्हाला दिसू दे. ठीक. मी आणि तो पडद्यासमोर. पालघर गेलं, ठिपका मनोरच्या रस्त्याला लागला, आणि मधेच थांबला. शैलेशने लगेच फोन लावला. "पेट्रोल भरतेय, ठीक आहे रे!" ठिपका हलला. थोड्या वेळाने त्याने 'कुठवर?' म्हणून फोन केला, ठिपका परत थांबला. परत फोन. असं चार-पाच वेळा. शेवटी नदीच्या पुलाअलीकडे थांबला तो हलेचना. आता ती फोनही उचलेना! शैलेश पांढराफटक. चपला घातल्या, स्कूटर काढली, मी त्याच्यामागे ओरडतेय.

तेवढ्यात तिचा माझ्या फोनवर फोन. आवाज असा की लोखंड कापावं. "आई, तुमच्या मुलाला सांगा, स्कूटर चालवताना फोन आला की मी थांबते. मी थांबले की तो घाबरतो. घाबरला की फोन करतो. मी कदी पोचायचं?"

म्हणजे ठिपका थांबत होता तो याच्यामुळेच! मी एवढी हसले की ठसका लागला. शैलेश दारात हेल्मेट घालून उभा, त्याला हसावं की रडावं कळेना.

१३ ऑक्टोबर

रात्री जेवताना हेमांगी शांतपणे म्हणाली, "वर असताना असं कोण सारखं हाका मारायला लागलं ना, तर माझं लक्ष जाईल. लक्ष गेलं की पंख मिटतो. विनोद नाय हा." शैलेशने मान खाली घातली. मग म्हणाला, "मग तिसरं घे." ज्या माणसाला दोन मिनिटं धीर धरवत नाही, त्याने दहा मिनिटं कबूल केली. मला त्याचंही कौतुक वाटलं आज.

आमचा करार: निघताना ती कळवणार, उतरल्यावर कळवणार. मधे मी काही विचारायचं नाही. ठिपका थांबला आणि निरोपही नाही, तर मी आधी स्पर्धेच्या कचेरीत फोन करायचा, तिला नाही.

१४ ऑक्टोबर

कळवलं. तिसरं!

१७ ऑक्टोबर

हेमांगीच्या कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन तिला म्हणाला, "मैडम, आप सच में उड़ती हैं? ऊपर से हमारी कंपनी दिखती है क्या?" ती म्हणाली, कामशेतहून कशी दिसेल! त्याला वाटलं होतं ती रोज बोईसरवरूनच उडत येते, म्हणून कधी वेळ चुकत नाही. घरी सांगताना तीच हसत होती.

२९ ऑक्टोबर

गेली. एवढं मोठं पाठीवरचं बोचकं, आणि ती त्याखाली अर्धी दिसेनाशी. तात्यांनी दारात येऊन, अपशकुन नको म्हणून, फक्त "हो" म्हटलं. तीही "हो" म्हणाली. शैलेश स्टेशनवर सोडून आला आणि तिची गादी नीट करत बसला.

३ नोव्हेंबर, सोमवार

"निघाले." — मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आणि नकाशावर निळा ठिपका! डोंगराच्या धारेला धरून पूर्वेकडे सरकतोय. मी हात जोडले. मशीनला कसले हात जोडायचे, पण जोडले.

संध्याकाळी "उतरले. बटाट्याच्या शेतात. बाईने चहा दिला." शैलेशने दहा-दहा मिनिटं कशी काढली ते मी पाहिलं. दर वेळी उठून वाडीत जाऊन एक सुपारी उचलून आणायचा. ढीग झालाय.

४ नोव्हेंबर

वारा जास्त. कोणीच उडालं नाही. सुपाऱ्यांना सुट्टी.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी "निघाले." आणि मग काय विचारता! ठिपका असा पळत सुटला की शैलेश उभा राहूनच बघायला लागला. एवढ्या पुरुषांत, एवढ्या अनुभवी लोकांत, दुपारपर्यंत यादीत आमची हेमांगी तिसरी! तिसरी! तात्या वाडीतलं काम टाकून आले, पाय न धुताच खुर्चीवर बसले. आज सगळं माफ.

मग ठिपका एकाच जागी दिसायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. थोडा इकडे, थोडा तिकडे, पण पुढे नाही. शैलेश म्हणाला, "अडकली!" मी म्हटलं, "अडकलेला ठिपका इकडेतिकडे होत नाही. घिरट्या घालतेय." तोंडाने म्हटलं. हाताने कचेरीचा नंबर काढून ठेवला.

निरोप आला. "खाली एक जण पडलाय. हलतोय. मी त्याच्याजवळ उतरते." पुढचा आला तेव्हा ती उतरलेली. "मी ठीक. त्याचा पाय मोडलाय. त्याचं यंत्र फुटलंय."

शैलेशच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तिसरी होती गं ती!" आणि दुसऱ्या क्षणी तोंडावर हात ठेवून रडायला लागला. तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी कचेरीत फोन केला. त्यांना कळलेलं होतं. वर मुक्कामाला असलेली गावातली माणसं खाट घेऊन तिच्याकडे निघाली आहेत, खालून डॉक्टरांची तुकडी चढतेय, तिच्याच ठिपक्याच्या रोखाने. मी "थँक यू" म्हटलं आणि फोन ठेवला, अगदी एक्स्चेंजमधल्यासारखा.

नंतर निरोप नाही. कितीतरी वेळ काहीच नाही. शैलेश म्हणे, एक विचारू या ना आई, फक्त एक. मी म्हटलं, नाही. तिथे तिचे दोन हात त्या मुलाला हवेत, ते आपल्याला उत्तर द्यायला नाहीत.

उजेड कमी होताना ठिपका हलला! हळू, अगदी माणसाच्या चालीने, खाली खाली. मधे थांबे, परत निघे. मग रस्त्याला लागला आणि एकदम वेग. गाडी! तात्या म्हणाले, "आली गं खाली पोर." ठिपका गावातल्या हॉस्पिटलशी येऊन थांबला. त्या मुलाबरोबर गेली असणार, त्याला एकटा सोडणारी नव्हेच ती. कचेरीतूनही फोन, "सब नीचे आ गए, आंटीजी." तिचा मोबाइल लागत नाही, पण दिवसभरात चार्जिंग कुठे राहणार.

देवापुढचा दिवा मी उचलून पडद्यासमोर ठेवला. तिघं पोटभर जेवलो. आज शैलेश माझ्याही आधी झोपला. स्पर्धा गेली, पण अशी सून कोणाच्या घरात आहे? उद्या सगळ्या माहीमला सांगणार मी.

६ नोव्हेंबर

सकाळी अनोळखी नंबर. हेमांगी! कुठल्यातरी वस्तीवरच्या दुकानातून. आत्ता खाली पोचतेय, म्हणाली. वाटेत घोट्यातून पाय मुरगळला, खाटवाल्यांच्या चालीने तिला चालवेना, तुम्ही व्हा पुढे, मी येतेच म्हणाली, अंधार झाला, मग वरच मेंढपाळांच्या रिकाम्या गोठ्यात ग्लायडर पांघरून बसून राहिली.

यंत्र? ते तिने त्या मुलाच्या छातीला बांधून दिलं होतं. खालचे लोक ठिपका बघून येत होते, आणि त्याची शुद्ध हरपत चालली होती. "मला काय झालं नव्हतं ना आई."

कचेरीनेही माझ्यासारखा ठिपकाच मोजला, रात्रभर ती कुठे आहे ते कोणालाही माहीत नव्हतं. आणि मी त्या ठिपक्यापुढे दिवा लावून गाढ झोपले होते.