दादाचं पहिलं मत

दि. ३ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

सोबतचं पार्सल जपून उघड. वरचा डबा काळा आहे, त्याच्या आत आणखी एक डबा, आणि त्याच्याही आत मखमलीत जे साहेब झोपलेत ते म्हणजे आमच्या दुकानातला सध्याचा सगळ्यात भारी म्युझिक प्लेअर. खिशात मावतो, पण खिसा फाटेल इतका जड आहे. त्यात ना फोन लागतो, ना फोटो निघतो. नुसतं ऐकण्यासाठी केलेलं यंत्र. गिऱ्हाइकं हातात घेऊन वजन बघतात, यात वेगळं काय असं विचारतात आणि मी बावळटासारखी उभी राहते. या वेळी मालकांनी माहितीपत्रकात एका जाणकार माणसाचं मत छापायचं ठरवलंय. आता जाणकार म्हटल्यावर मला दुसरं कोण आठवणार? बत्तीस वर्षं मोठ्या हॉलमधले पियानो सुरात लावणारा माणूस आमच्याच घरातला.

बारा तुकडे भरून दिलेत. नावं पडद्यावर दिसतील. सगळे ऐक आणि पहिल्यांदा ऐकताना जे वाटेल ते लिहून पाठव. फोन करत नाही, कारण फोनवर आवाज फाटतो आणि कानाला त्रास होतो असं तूच म्हणतोस. तुझ्यापायी मी पुन्हा पत्रं लिहायला लागले. टपालाची तिकिटं चिकटवत बसते म्हणून दुकानातल्या पोरी मला हसतात.

आता माझं काम. आईच्या कॅसेटच्या खोक्याचं परत विचारते, रागावू नकोस. तू लिहिलंस की अकराच्या अकरा ऐकल्या, सगळ्या कोऱ्या आहेत, आता भंगारात देणार. थोडा थांब. मला एकच हवी, लाल चिकटपट्टी लावलेली. मी सोळा वर्षांची असताना आईने ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून माझं गाणं भरून घेतलं होतं, ती. पुढच्याच आठवड्यात तू बाबांना सांगितलंस की पोरगी बेसूर आहे, शिकवणी फुकट जाईल. बाबांनी शिकवणी बंद केली. घरात तुझ्या कानापुढे कोणाचं काही चालायचं नाही. तेव्हापासून मी भोंगा. आता पन्नाशी आली माझी, भांडायला म्हणून विचारत नाही. फक्त एकदा ऐकायचंय, खरंच इतकी वाईट होते का. असले तर हसेन आणि सोडून देईन.

वहिनीला नमस्कार. ती तुझ्याजवळ कशी टिकली हे मला अजून कळलेलं नाही.

आहे तेवढी माया राहू दे.
तुझी धाकटी


दि. १४ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं. गोड गोड लिहायला मला जमत नाही, तेव्हा खाली लिहिलंय ते जसंच्या तसं छापा. तुमच्या मालकांनी त्यात आपली अक्कल घालू नये.

पहिल्यांदा जाणवतं ते वजन. एका अखंड ठोकळ्यातून कोरून काढावं तसं अंग आहे, कुठे सांधा लागत नाही. उजव्या कडेला आवाजाचं चक्र आहे, ते फिरवताना प्रत्येक घर बोटाला कळतं. हेडफोनची वायर जाड आणि विणलेली, गुंता होत नाही. अर्ध्या तासाने पाठ कोमट होते, पण चटका बसत नाही.

आवाजाबद्दल. पहिला तुकडा एकट्या पियानोचा. खालच्या तारांना भरदार अंग आहे आणि वरच्या टोचत नाहीत. तिसऱ्यातलं व्हायोलिन अगदी खुर्ची ओढून शेजारी बसल्यासारखं. ‘बाईचा आवाज’ या तुकड्यात बाई ओळ सुरू करण्याआधी श्वास घेते तोसुद्धा कळतो. सगळ्या वाद्यांचा मेळ आहे तिथे एकही वाद्य दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. नवव्या तुकड्यातल्या पियानोची एक तार मात्र किंचित उतरलेली आहे. ज्याने लावलाय त्याला माझ्याकडे पाठव. साध्या माणसाला हे कळायचं नाही. तुला तर नाहीच नाही, पण निदान पत्रकात छापता येईल.

कॅसेटचं म्हणशील तर कोऱ्या म्हणजे कोऱ्या. लाल पट्टीची दोनदा लावून पाहिली. माझ्या कानावर भरवसा नसेल तर हे मत तरी कशाला मागितलंस? आणि समज असतं काही त्यात, तर ऐकून काय करणार होतीस? तुझ्यात ते नव्हतं. सोळाव्या वर्षी कळलं हे नशीब समज. नाहीतर आज दुकानात मानाने उभी राहण्याऐवजी कुठल्यातरी समारंभात मागच्या रांगेत नुसतं तोंड हलवत असतीस.

हिची तब्येत ठीक. माझी उत्तम. लोभ आहेच, तो वाढवायची घाई नको.

तुझा
दादा


दि. २२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या वन्सं,
स. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं यंत्र आल्यापासून यांचं काहीतरी बिनसलंय. पहिल्या दिवशी टेबलाशी हेडफोन लावून बसले होते, मी समोर भाजी निवडत होते. ते बाजूचं चक्र फिरवत फिरवत पार शेवटाला नेलं आणि नुसते पडद्याकडे बघत राहिले. चेहरा असा उतरला की मला वाटलं छातीत दुखतंय. विचारलं तर म्हणाले, फार उत्तम आहे. मग तुम्हाला पत्र लिहायला बसले आणि चार कागद फाडले.

सोमवारी हॉलवर गेले आणि व्यवस्थापकांच्या हातात किल्ली देऊन घरी आले. मला एका शब्दाने विचारलं नाही. पियानोच्या तारा पिळायचा तो पाना, ज्याला मी पुसायलासुद्धा हात लावलेला चालायचा नाही, तोही तिथल्याच एका माणसाला देऊन टाकला. म्हणतात, आता बस झालं.

वन्सं, यांना कमी ऐकू येतं हे मला कळत नाही का? तीन वर्षं झाली, मी समोर येऊनच बोलते. पाठमोरे असले की बोलतच नाही, म्हणजे चार माणसांत त्यांची फजिती होत नाही. तुम्हालाही सांगितलं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण खालचे जाड सूर त्यांना ऐकू यायचे. तेवढ्यावर आणि सूर मोजायच्या त्या सुई हलणाऱ्या मीटरवर काम चाललं होतं. या यंत्रानंतरच काय झालं कळत नाही.

काल ते आंघोळीला गेले तेव्हा मी लावून बघितलं. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, पण मला काहीच ऐकू आलं नाही. माझंच कुठलं तरी बटण चुकलं असणार. कसं लावायचं तेवढं लिहाल का? त्यांना काय एवढं लागलं ते मला ऐकायचंय.

तुमची आठवण येते. राग असला तरी पत्र टाका.
वहिनी


दि. २२ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
नमस्कार.

तुझं मत पोचलं. मी ते तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. दुकानातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

दादा, त्या प्लेअरमध्ये काही नाही. आमच्या दुरुस्तीवाल्याने मला बारा रिकाम्या फाइली करून दिल्या. नावं आहेत, वेळ पुढे सरकतो, आवाज टिपूसभर नाही. भरदार अंगाच्या तारा नाहीत, श्वास घेणारी बाई नाही, आणि नवव्या तुकड्यात पियानोच नाही तर त्याची तार कुठून उतरणार?

मागच्या वेळी घरी आले होते तेव्हाच मला संशय आला. चहाची किटली शिट्टी मारून दमली आणि तू तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत होतास. मी तीनदा दादा म्हणून हाक मारली. वहिनीने खांद्याला हात लावला तेव्हा वळलास आणि मलाच म्हणालास, पुटपुटतेस कशाला. मी बोलत असताना तू माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हतास, ओठांकडे बघत होतास. मग ते अकरा कोऱ्या कॅसेटचं पत्र आलं आणि माझी खात्रीच पटली. कोऱ्या कॅसेट नाहीत, कोरा तू आहेस. आईचा आवाज तुझ्या कानाशी वाजत असेल आणि तू मख्खासारखा बसून भंगारवाल्याची वाट बघत असशील, हे डोळ्यांसमोर आलं की मला झोप लागत नाही.

मला सरळ विचारता आलं असतं. पण सरळ विचारलं की तू मला भोंगा म्हणतोस. चौतीस वर्षं तू आमच्या सगळ्यांच्या माना खाली घालायला लावल्यास त्या एका कानाच्या जोरावर. म्हणून म्हटलं, एकदा तोंडघशी पडू दे.

आता नीट वाच. आठ दिवसांत अकराही कॅसेट माझ्याकडे आल्या पाहिजेत. नाही आल्या तर तुझ्या मताची एक प्रत, त्या बारा रिकाम्या फाइलींची हकीकत लिहून, हॉलच्या व्यवस्थापकांकडे जाईल. आपले पियानो कोण लावतंय हे त्यांनाही कळू दे.

मी क्रूर वागते आहे हे मला समजतं. शिकले कोणाकडून ते तुला ठाऊक आहे.

धाकटी


दि. १ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं आणि हिचं पत्र एकाच दिवशी टपालात पडलं असं दिसतं. तुझं वाचून झाल्यावर मी ते हिच्या हातात दिलं, तेव्हा हिने आपण काय लिहिलं होतं ते सांगितलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

व्यवस्थापकांना लिहायची गरज नाही. तुझं यंत्र लावलं, पडद्यावर पियानो असं नाव आलं आणि मी खालच्या तारांची वाट बघत बसलो. मला तेवढंच ऐकू येत होतं, खालची दोन सप्तकं. वरचं सगळं सुईवर बघून लावायचो. चक्र शेवटाला नेलं तरी काही येईना. मला वाटलं, उरलं होतं तेही गेलं. मत मी नावं वाचून लिहिलं. उतरलेली तार मुद्दाम घातली, कारण खोड काढली नसती तर ते मत माझं वाटलं नसतं. बहिऱ्या माणसाने पियानोला हात लावू नये असं मला वाटतं, म्हणून सोमवारी किल्ली देऊन आलो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी हिच्या हातून मोठं पातेलं जमिनीवर पडलं आणि मला ते ऐकू आलं. म्हणजे जेवढं होतं तेवढं आहे. दुसऱ्या दिवशी हॉलवर जाऊन किल्ली परत मागितली. व्यवस्थापक चांगले आहेत, चहा पाजला. नवा माणूस आत काम करत होता. त्याच्या हातात माझा पाना होता.

अकराही कॅसेट पार्सलने पाठवल्या आहेत, यंत्रही त्यातच आहे. लाल पट्टीची सोडून बाकीच्या दहांमध्ये काय आहे ते मला खरंच माहीत नाही. मला काही ऐकू आलं नाही म्हणून कोऱ्या लिहिलं. तुझं बरोबर होतं. आईचा आवाज असला तर तो तुझा, ऐक.

लाल पट्टीची मात्र तशी नाही. ती मी आत्ता नाही, आई गेली त्या वर्षी ऐकली. पाच वर्षं झाली. तेव्हा माझे कान ठणठणीत होते. आधी तू गातेस. मग भांडं ठेवल्याचा आवाज येतो आणि आई म्हणते, “हे दादाला ऐकवू या. त्याला किती आनंद होईल.”

तिने तेव्हा ऐकवलंही होतं. बाबांशी बोलण्याच्या आदल्या दिवशी. माझं वय वीस, नुकता पाना हातात धरला होता, आणि शिकवणारे रोज म्हणायचे तुझा कान कच्चा आहे. घरात सूर कळणारं दुसरं कोणी मला नको होतं. एवढंच कारण. पुढे इतक्या वेळा तुला भोंगा म्हणालो की माझं मलाच खरं वाटायला लागलं. आई गेल्यावर कॅसेट सापडली तेव्हा ती बरोबर घेऊन हॉलवर गेलो, एकट्याने ऐकली, आणि तिथेच त्या आवाजावर दुसरं भरलं.

ती लाव. त्यात आता मी पियानो लावतोय. मधल्या पट्टीचा एकच सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुमच्या दुकानात सूर मोजायचं मीटर असेल, त्याच्यासमोर धर. सुई हलणार नाही. त्या दिवशी माझा कान किती पक्का होता याबद्दल तुला शंका राहणार नाही.

त्याच कानाने, त्याच्या दहा मिनिटं आधी, मी तुला ऐकलं. तू सुरात होतीस. हे दुसऱ्या कोणाला विचारता येणार नाही, ऐकलेला मी एकटाच उरलोय.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

दादा