डोळा कोणत्या काडीचा

प्रिय आचल,

फोनवर बोलताना तुझी आई शेजारी बसलेली असते, म्हणून हे कागदावर. सातवी शिकलेल्याचं अक्षर आहे, लावून वाच.

ऑफिसातल्या बाराजणांतले नऊ घरी पाठवले, आता आम्ही तिघंच, हे तू इतक्या सहज सांगितलंस की मी नुसतं बरं म्हणालो. आठ दिवस जेवण गोड लागत नाही. प्रोग्राम आता ते एआय लिहितं. पण बँकेचा तो जुना प्रोग्राम कुठे अडतो नि कसा सुटतो, हे तुलाच ठाऊक, आणि तेही महिनाअखेर लिहून त्याला शिकवायचं. बाबा, देऊ का, असं तू विचारलंस. मी म्हणालो, दे पोरी, विद्या दिल्यानं आटत नाही.

तुझी आई आजही शेजारच्या सुंदराबाईला सांगते, "आमच्या मानसानं अकोल्याच्या नर्सरीत किती जनाले कलमा शिकवल्या, कोनाले नाही म्हटलं नाही." मी खाली मान घालून ऐकतो.

काल भातकुलीच्या स्टँडवर तुझ्या वर्गातला योगेश भेटला. पुण्याहून कायमचा आलाय. म्हणाला, "काका, माह्यं सारं काम मीच त्याले लिहून देल्लं. आता गुरुदक्षिणा मांगाले जाऊ का मशीनपाशी?" हसला, पण माझ्याकडे बघेना.

आता खरं सांगतो. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याच्या काडीवरचा डोळा बांधून कलम करायला मी माणसं शिकवली. काप दाखवला, पट्टी दाखवली. डोळा कोणत्या काडीचा घ्यायचा, ते मात्र कोणालाच दाखवलं नाही. माणसं यायच्या आधी काड्या काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो. त्यांची निम्मी कलमं वाळायची, माझी जगायची. म्हणून मालक दर हंगामाला मलाच बोलवायचा, म्हणून तू इंजिनियर झालीस. त्यांच्यातला देवीदास तर कंटाळून हमालीला गेला. त्याला नुसतं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

तुला दिलेला सल्ला मी स्वतः एक दिवसही पाळला नाही, हे कळवायला पत्र. लिहून दिलं नसलंस तर थोडं राखून ठेव. पाप लागलं तर माझ्या माथी. योगेश म्हणतो, आता राखून उपयोग नाही, ते बघून बघूनही शिकतं. मला त्यातलं काही कळत नाही, पोरी. आणि देऊन मोकळी झाली असशील, तर रविवारी फोनवर मला खोटंच सांग, अजून दिलं नाही म्हणून.

तुझाच,
बाबा