दाराबाहेरची रांग

निकोमिडिया,
ऑक्टोबरचा तिसरा दिवस

थिओटिमोस यांस,
अम्मियाचा नमस्कार. तुमची तब्येत बरी असो, ही प्रार्थना. माझी प्रार्थना अजून चालत असेल तर.

एकाच गावात राहून नवऱ्याला पत्र लिहायची वेळ आली! असो. इकडे माग चालू आहे. ज्या सम्राटांनी अंड्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांचे भाव ठरवून दिले, कोष्ट्याच्या पोराने कोष्टीच व्हायचं असा कायदा केला, आणि आपला देव सोडायला लावला, ते गादी सोडून कोबी लावत बसले आणि गेलेसुद्धा. नव्यांनी देव न सोडल्याबद्दल खाणीत धाडलेल्यांना मोकळं केलं, चर्च परत दिलं. तुम्ही आलात.

रविवारी तुम्हाला पाहिलं. डावा पाय ओढत येत होतात. जिथे डोळा होता तिथे लोक ओठ टेकत होते. दाराबाहेर आम्ही, सम्राटांच्या देवांपुढे वेदीवर धूप टाकून सुटलेले, अंगाला राख फासून उभे. खाणीतून आलेल्याने डोक्यावर हात ठेवला की बिशप आमच्या दाराबाहेर उभं राहायच्या शिक्षेची वर्षं कमी करतात. तुम्ही लोहाराच्या डोक्यावर ठेवलात, त्याच्या म्हातारीच्याही. माझ्यापाशी आलात आणि पुढे गेलात.

शेजारची झोटिके म्हणाली, "अगं, तू रडत नाहीस ना, म्हणून! इथे सगळे कसे धाय मोकलून रडतात बघ. कांदा आणू का?" मला हसू आलं, अहो. तिथेच, दारात.

आपल्याच बायकोला आधी सोडवलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तुम्ही पुढे गेलात. मी स्वतःला तसं सांगते. रात्री ते पटत नाही.

तातिया विचारते, "आई, ते लंगडे काका कोण?" तिचे बाबा अजून खाणीतच आहेत, असं मी तिला सांगितलंय.

त्या दिवशी शिपायाने तिला माझ्या कडेवरून ओढून घेतलं होतं. तुम्ही तेव्हा तुरुंगात होतात, तुम्हाला ते दिसलं नाही. ती माझ्याकडे हात करून ओरडत होती. मी चिमूटभर धूप टाकला आणि तिला परत घेतलं.

आत यायला पश्चात्ताप लागतो म्हणे. खूप शोधला. होत नाही मला. उद्या तिला पुन्हा ओढलं, तर मी पुन्हा टाकीन.

म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवू नका. येत्या रविवारी तिला घेऊन उभी राहीन. तिच्या डोक्यावर ठेवा. तिने काहीच टाकलेलं नाही.

दाराबाहेरून,
तुमची, अजून म्हणवत असेल तर,
अम्मिया